बाळाला कोणता राग लावू?

माझ्या गाण्याच्या वर्गात गेल्या काही वर्षांत एक प्रश्न हमखास येतो. विचारणारी कधी जुनी विद्यार्थिनी असते, आता आई झालेली. कधी शेजारच्या इमारतीतला नवा बाप असतो. "ताई, बाळाला कोणता राग लावू?" हातातल्या फोनवर यादी उघडलेली असते. बुद्धीसाठी अमुक, झोपेसाठी तमुक, पोट दुखत असेल तर आणखी तिसराच. या प्रश्नामागची माया खरी असते आणि धास्तीही तितकीच खरी असते. बाकीच्यांची मुलं ऐकत असतील आणि आपलंच मागे पडलं तर?

गेल्या थंडीत मी अशाच एका विद्यार्थिनीचं बाळ बघायला गेले होते. अडीच महिन्यांची मुलगी, कानटोपी घातलेली, पाळण्यात निजलेली. उशाशी फोन ठेवला होता आणि त्यातून सतार चालू होती. आलाप आणि जोड होईपर्यंत ती डोळे उघडे ठेवून शांत पडली होती. 'झाला' हा वेगाने झंकारणारा भाग सुरू झाला तशी तिची चुळबुळ वाढली. पुढे गत सुरू होऊन तबल्याची पहिली थाप पडली आणि तिचे दोन्ही हात झटक्यात बाजूला फेकले गेले, बोटं पसरली, ओठ थरथरले आणि रडू फुटलं. आई गोंधळून म्हणाली, "पण हे शांत करणारं म्हणून लिहिलं होतं." तेवढ्यात आजी पदराला हात पुसत आतून आली. तिने नातीला खांद्यावर घेतलं आणि पाठीवर थोपटत दोनच सुरांत काहीतरी गुणगुणायला लागली. त्याला शब्द नव्हते, गाणं म्हणावं असंही काही नव्हतं. मुलीने मान वळवून गाल आजीच्या गळ्याला लावला, जिथून तो आवाज येत होता तिथेच. पाच-सात मिनिटांत ती झोपली. सतार तशीच चालू होती, मग कोणीतरी ती बंद केली.

त्या सतारवादनात काही खोट नव्हती, उत्तम वादन होतं. पण ते मैफलीत बसलेल्या मोठ्या माणसांच्या कानांसाठी होतं. पाऊण तासात हळूहळू चढत जायचं, ताण वाढवायचा आणि मग तो सोडायचा, हा त्या कलेचा सगळा डौल. अडीच महिन्यांच्या जिवाला त्यातली ती एक थाप तेवढी पोचली.

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट सांगते. बाळाच्या कानावर गाणं पडायलाच हवं, भरपूर पडायला हवं. पण ते बुद्धीचं टॉनिक म्हणून नको, आणि माणसाच्या जागी यंत्र बसवून तर अजिबात नको. आई-बापांच्या धास्तीवर जो व्यापार उभा राहिलाय तो थांबायला हवा, आणि सरकारने कधी या कामाला पैसे घातलेच तर ते यंत्रांवर न घालता गाणाऱ्या माणसांना सवड मिळावी म्हणून घालावेत.

ही 'बुद्धी वाढते'ची कल्पना आली कुठून? मागे मागे जात गेलं की १९९३ सालचं एक पानभर टिपण हाती लागतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथल्या फ्रान्सिस राउशर, गॉर्डन शॉ आणि कॅथरीन की यांनी ते 'नेचर' या नियतकालिकात छापलं. त्यांनी ३६ कॉलेज विद्यार्थ्यांना दहा मिनिटं मोझार्टचा दोन पियानोंसाठी रचलेला सोनाटा ऐकवला आणि लगेच एक चाचणी दिली. घडी घातलेल्या कागदाला कातर लावली तर उलगडल्यावर तो कसा दिसेल, अशा धर्तीचे प्रश्न. तेच विद्यार्थी दहा मिनिटं नुसते शांत बसून किंवा मन सैलावणाऱ्या सूचना ऐकून आले तेव्हापेक्षा मोझार्टनंतर त्यांना बुद्ध्यांकाच्या हिशेबात आठ-नऊ गुण जास्त पडले. आणि हा परिणाम दहा-पंधरा मिनिटांत ओसरला, हेही त्याच टिपणात लिहिलेलं आहे.

त्या प्रयोगात एकही तान्हं मूल नव्हतं. कायमची वाढ नव्हती, आणि एकूण बुद्धीबद्दल काही म्हटलेलंही नव्हतं. तरी पाच वर्षांत गोष्ट कुठल्या कुठे गेली. १९९८ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याचे गव्हर्नर झेल मिलर यांनी जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाला अभिजात पाश्चात्त्य संगीताची ध्वनिफीत किंवा सीडी द्यावी म्हणून अर्थसंकल्पात १ लाख ५ हजार डॉलर मागितले. त्याच वर्षी फ्लोरिडात सरकारी पैशावर चालणाऱ्या पाळणाघरांनी रोज असं संगीत लावावं असा कायदा झाला. बाजाराने तर हात धुऊन घेतले. बाळांना हुशार करणाऱ्या सीडी, व्हिडिओ, खेळणी. त्यातल्या सर्वांत गाजलेल्या 'बेबी आइनस्टाइन' व्हिडिओंचे पैसे परत द्यायची तयारी त्यांची मालक कंपनी डिस्नेला २००९ मध्ये दाखवावी लागली.

दरम्यान शास्त्रज्ञ आपलं काम करतच होते. टोरांटोच्या ग्लेन शेलेनबर्ग यांनी सहकाऱ्यांबरोबर दाखवून दिलं की ज्यांना संगीतापेक्षा गोष्ट ऐकायला आवडते त्यांचे गुण गोष्ट ऐकल्यावर वाढतात. म्हणजे मन प्रसन्न आणि जागं असलं की माणूस दहा मिनिटं जरा बरं काम करतो. त्यात मोझार्टची खास करामत नाही. २०१० मध्ये व्हिएन्ना विद्यापीठातल्या संशोधकांनी जवळपास चाळीस अभ्यास, तीन हजारांवर माणसं, असा सगळा पुरावा एकत्र घालून पाहिला. बुद्धी वाढवणारा मोझार्टचा खास परिणाम त्यांना दिसला नाही. व्हिएन्ना म्हणजे मोझार्टची कर्मभूमी. तिथल्या माणसांनी हे सांगितलं याला मी जास्त मान देते.

आपल्याकडे मोझार्टची जागा यमन-भूप-दरबारीने घेतली आणि त्याला गर्भसंस्काराची जोड मिळाली. या विषयाला मी हलक्या हाताने शिवणार नाही, कारण त्यात श्रद्धा गुंतलेली आहे. अभिमन्यूची गोष्ट आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलो. पोटातलं मूल ऐकतं, ही गोष्ट आपल्या आज्यांना विज्ञानाच्या आधीपासून माहीत होती आणि ती खरीच आहे. साधारण सहाव्या महिन्यात गर्भाला ऐकू यायला लागतं. पाण्यातून आणि पोटाच्या भिंतीतून जाताना उंच स्वर बरेचसे गळून जातात, खर्जातले त्या मानाने पोचतात. पण सर्वांत ठळक पोचतो तो आईचा स्वतःचा आवाज, कारण तो बाहेरून येतो तसा तिच्या हाडामांसातूनही येतो. अँथनी डीकास्पर आणि विल्यम फिफर यांनी १९८० साली दाखवलं की नुकतं जन्मलेलं मूल परक्या बाईच्या आवाजापेक्षा आईचा आवाज ऐकायला मिळावा म्हणून चोखणीची लय बदलतं. सहा वर्षांनी डीकास्पर आणि मेलनी स्पेन्स यांनी आणखी पुढचं पाऊल टाकलं. गरोदरपणाच्या शेवटच्या दीड महिन्यात आयांनी एक गोष्ट रोज मोठ्याने वाचली. जन्मल्यावर बाळांनी तीच गोष्ट ओळखली.

म्हणजे गर्भातलं मूल ऐकतं आणि लक्षातही ठेवतं. पण ओळखणं वेगळं आणि हुशार होणं वेगळं. दुसरं असं, की इथे काम केलं ते आईच्या रोजच्या वाचण्याने. पोटाला हेडफोन लावून बसलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. त्यांना मी हेडफोन काढायला सांगते आणि म्हणते, तूच गा. तुझं भजन, तुझी आरती, भांडी घासताना तोंडात येणारं कुठलंही सिनेमाचं गाणं. त्या अंधारात बाळाला जो एकच आवाज चोवीस तास सोबत करतो तो तुझा आहे, आणि तो विकत घ्यावा लागत नाही.

इथे कोणी विचारेल, मग शास्त्रीय संगीत बाळाला कळतच नाही का? मला वाटतं, आपण समजतो त्यापेक्षा त्याला खूप जास्त कळतं, आणि म्हणूनच मला या फायद्याच्या याद्यांचा राग येतो. मूल किती मोठ्या कानांनी जन्माला येतं हे त्या याद्या बनवणाऱ्यांना ठाऊकच नाही. २००९ साली बुडापेस्टचे इश्तवान विंकलर आणि ॲमस्टरडॅमचे हेंकयान होनिंग यांच्या चमूने दोन-तीन दिवसांच्या, झोपलेल्या बाळांना ढोल-झांजांचा साधा ठेका ऐकवला आणि मधूनच आवर्तनाची पहिली, जोरकस मात्रा गाळली. आपण जिला सम म्हणू तीच. डोक्याला लावलेल्या तारांवर त्या प्रत्येक गाळलेल्या जागी मेंदूने दखल घेतल्याची खूण उमटली. दोन दिवसांचं मूल झोपेत सम चुकलेली ओळखतं. माझ्या वर्गातल्या मुलांना ते साधायला सहा महिने लागतात.

याहून मोलाचं काम एरिन हॅनन आणि सँड्रा ट्रेहब यांचं, २००५ सालचं. बल्गेरिया-मॅसिडोनियाकडच्या लोकसंगीतात सात मात्रांचे विषम ताल असतात. उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या माणसांना त्या तालातली चूक ऐकू येत नाही. सहा महिन्यांच्या तिथल्याच बाळांना मात्र ती येते. बारा महिन्यांची झाली की त्यांनाही अवघड जाऊ लागतं, पण दोन आठवडे ते संगीत घरात वाजवलं की पुन्हा जमतं. मोठ्यांना तेवढ्याने जमत नाही. पहिल्या वर्षात कानाची दारं सताड उघडी असतात, आणि आपण ज्या संगीतात राहतो त्याच्या मापाने ती हळूहळू लावून घेतो.

आता हे आपल्या घराला लावून बघा. रूपकाच्या सात, झपतालाच्या दहा, भजनी ठेक्याच्या आठ, दादऱ्याच्या सहा मात्रा. संबळावरचा गोंधळ, दिमडीवरचं जागरण, कोळ्यांची गाणी, गोव्याकडच्या घरात मांडो आणि धालोची गाणी. लग्नाच्या वेळची मंगलाष्टकं, माजघरातली ओवी. यातलं 'शास्त्रीय' कोणतं आणि 'साधं' कोणतं हा भेद मोठ्यांनी केलेला आहे, सहा महिन्यांच्या बाळाला तो माहीत नाही. त्याला शास्त्रीयच ऐकवायचं म्हणून आजीची ओवी गप्प करणं म्हणजे उघडं दार आपल्या हाताने लावणं. आणि हे घडतं. मी घरोघर पाहिलंय. फोनमधली बासरी लागली की आजी संकोचते. आपल्या गळ्यातलं गावठी आहे, बाळाला चांगलं काहीतरी ऐकू दे, म्हणून ती थांबते. मला त्या थांबण्याचं फार वाईट वाटतं. पाळण्याची दोरी ओढत 'जो बाळा जो जो रे जो' म्हणणाऱ्या बाईने किती पिढ्यांचे कान तयार केले, आणि आज तीच स्वतःला अपुरी समजायला लागली.

शास्त्रीय गायकांच्या घडणीतही यादीचा हात कुठे दिसत नाही. भीमसेन जोशींच्या लहानपणाची गोष्ट प्रसिद्ध आहे. गदगला रस्त्यावरून भजनाची दिंडी किंवा वाजंत्री चालली की पोरगं मागोमाग जायचं, दमून कुठेतरी झोपून जायचं. शेवटी वडिलांनी त्याच्या सदऱ्यावर 'जोशी मास्तरांचा मुलगा' असं लिहून ठेवलं, म्हणजे सापडेल तो घरी आणून सोडेल. पुढे त्यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांची ध्वनिमुद्रिका ऐकली आणि त्या सुरासाठी घर सोडलं, हेही खरं. म्हणून मुद्रित संगीताला मी कमी लेखत नाही. पण त्या तबकडीच्या आधी आईची भजनं होती, गल्लीतून जाणारा ताल होता.

जवळच्या माणसाचा गळा इतका का लागू पडतो, यावर आता चांगलं काम झालेलं आहे. मॉंट्रियलच्या २०१५ सालच्या एका अभ्यासात वर्षाच्या आतल्या बाळांना त्यांच्या ओळखीची नसलेली भाषा, तुर्की, ऐकवली. नुसतं बोलणं ऐकताना ती साधारण चार मिनिटांत कुरकुरायला लागली. त्याच भाषेतलं गाणं ऐकताना नऊ मिनिटं शांत राहिली. तिथे आवाज मुद्रित होता, आईही दिसत नव्हती, तरी गाण्याने दुप्पट वेळ धरून ठेवलं. मग मांडीवर घेऊन गाणाऱ्या माणसाची गोष्ट काय सांगावी!

आणि जिथे जीव खरोखर नाजूक असतो तिथला पुरावा बघा. न्यूयॉर्कच्या जोअन लोई यांनी २०१३ मध्ये ११ रुग्णालयांच्या नवजात अतिदक्षता विभागांत २७२ अकाली जन्मलेल्या बाळांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. तिथे सीडी लावली नव्हती. प्रशिक्षित संगीतोपचारक बाळाजवळ बसून त्याच्या श्वासाच्या लयीने अगदी हलकं वाजवत होते, आणि आई-बापांना विचारत होते, तुमच्या घरचं गाणं कोणतं? जे गाणं ते सांगतील ते अंगाईच्या चालीत संथ करून गायचं. कोणी चर्चमधलं सांगितलं असेल, कोणी रेडिओवरचं. त्याने बाळांच्या हृदयाची गती, चोखणं, झोप यांत फरक पडला आणि आई-बापांची काळजीही उतरली. माझ्या मते या दुसऱ्या परिणामाचं मोल पहिल्याइतकंच आहे. काचेच्या पेटीतल्या मुलाकडे नुसतं बघत बसलेल्या बापाला करायला काहीतरी मिळालं.

माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जाणारं एक उदाहरणही सांगते, कारण ते मला फार आवडतं. जिनिव्हात पेट्रा हुप्पी यांच्या चमूने अकाली जन्मलेल्या बाळांना मुद्दाम रचलेलं मुद्रित संगीत, आठ-आठ मिनिटांच्या तीन रचना, ऐकवलं आणि त्यांच्या मेंदूतल्या जोडण्या तसं संगीत न ऐकलेल्या अकाली बाळांपेक्षा जास्त चांगल्या वाढलेल्या दिसल्या. हे २०१९ साली प्रसिद्ध झालं. वाद्य निवडताना त्यांनी आधी बाळांनाच वेगवेगळी वाद्यं ऐकवून पाहिली. बाळांनी सर्वांत जास्त प्रतिसाद कशाला दिला? आपल्या गारुड्याच्या पुंगीला! ना पियानो, ना व्हायोलिन. चुळबुळणारी बाळं पुंगीच्या सुरांनी लगेच निवायची. तेव्हा मुद्रित संगीत कधीच उपयोगाचं नाही असं म्हणता येणार नाही. पण तिथे ते खास त्या बाळांसाठी रचलं होतं, ते जागं आहे की झोपेला आलंय हे परिचारिका बघत होती, आणि आवाज मोजून मापून ठेवला होता. उशाशी तासन्‌तास चालणाऱ्या फोनशी त्याचं नातं नाही.

मग निवडायचं कसं? माझ्याकडे येणाऱ्या आई-बापांना मी जे सांगते ते इथेही सांगते.

पहिली गोष्ट आवाजाची, रागाची नंतर. फोन पाळण्यात ठेवायचाच नाही. तो खोलीच्या दुसऱ्या टोकाला असावा आणि त्याच्यावरून आपण हलक्या आवाजात बोललो तरी एकमेकांना ऐकू यावं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने १९९७ मध्येच नवजात अतिदक्षता विभागासाठी ४५ डेसिबलची मर्यादा सुचवली होती. २०१४ साली बाळांना झोपवण्याची म्हणून विकली जाणारी १४ यंत्रं तपासली तेव्हा त्यातली तीन पूर्ण आवाजात, पाळण्याला लावून ठेवतात तेवढ्या अंतरावर, ८५ डेसिबलच्या वर गेली. कारखान्यातल्या कामगाराच्या कानांना आठ तासांसाठी जी हद्द धरतात ती हीच. आणि आपल्याकडे मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतीपुढे चार महिन्यांचं मूल कडेवर घेऊन उभी राहणारी माणसं दिसतात. ढोल-ताशा माझाही जीव की प्राण आहे, पण तो बाळाने दोन गल्ल्या पलीकडून ऐकावा.

दुसरं, अधूनमधून शांतता. मागे सतत काही वाजत असलं की बोलणाऱ्याचे शब्द वेगळे काढणं बाळाला मोठ्यांपेक्षा अवघड जातं, आणि त्या वयात शब्द हीच त्याची मोठी कमाई असते. पंधरा-वीस मिनिटं ऐकवावं आणि बंद करावं. तंबोऱ्याबद्दल मात्र माझा थोडा पक्षपात आहे. नुसता जुळलेला तंबोरा, षड्ज-पंचमाचा, कुठेही चढत नाही की दचकवत नाही. तो लावून त्याच्यावर आपण गुणगुणावं. सूर धरायला आधार मिळतो आणि 'मला गाता येत नाही' म्हणणारी आईही आपोआप सुरात येते.

वाद्यांत बासरी आणि सारंगी. सारंगी माणसाच्या गळ्याच्या सर्वांत जवळची. ख्याल लावायचा तर विलंबित, म्हणजे संथ लयीतला, आणि द्रुत, म्हणजे जलद भाग सुरू व्हायच्या आत थांबवायचा. मैफल अर्धी तोडल्याचं पाप लागत नाही. भूप, दुर्गा असे पाच सुरांचे राग मी सुचवते, कारण त्यांतल्या चाली आईला चटकन गुणगुणता येतात. बुद्धीशी त्याचा काडीचा संबंध नाही. दाक्षिणात्य परंपरेत अंगाईसाठी नीलांबरी हा राग पिढ्यान्‌पिढ्या गायला जातो. तो ऐकावा, त्यातला लडिवाळपणा भाषा न कळता पोचतो.

रागाच्या वेळेची आपली जी जुनी शिस्त आहे, तिचा मात्र मी आग्रह धरते. सकाळी भैरव किंवा तोडी, संध्याकाळी यमन, रात्री बागेश्री. अमुक वेळी अमुक रागाने शरीरात काही घडतं असा दावा मी करत नाही. पण तान्ह्या बाळाला दिवस आणि रात्र वेगळी कळत नाही, ते घड्याळ अंगात बसायला दोन-तीन महिने जातात, आणि त्याला आधार लागतो तो रोज त्याच वेळी होणाऱ्या त्याच गोष्टींचा. सकाळचं ऊन, तेल लावणं, आंघोळ, धुरी, तिन्हीसांजेला दिवा. या रांगेत सकाळची एक चाल आणि रात्रीची एक चाल बसली की बाळाला दिवसाचा आकार मिळतो. एकच रचना महिनाभर लावली तरी चालेल. रोज नवं हवं असतं ते आपल्याला, बाळाला ओळखीचं हवं असतं.

आणि ऐकवताना त्याला हलवा. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात २००५ साली सात महिन्यांच्या बाळांना एकच ठेका ऐकवत काहींना दर दुसऱ्या मात्रेला आणि काहींना दर तिसऱ्या मात्रेला झुलवलं. नंतर ज्याला जसं झुलवलं होतं तसा जोर असलेला ठेका त्याने जास्त वेळ ऐकला. ताल कानाने कमी आणि अंगाने जास्त शिकला जातो हे पायावर घेऊन 'घोडा-घोडा' खेळवणाऱ्या प्रत्येक आजोबाला माहीत आहे.

आता सार्वजनिक प्रश्न. आपल्याकडे १९७५ पासून अंगणवाड्या आहेत, आणि २०२४ मध्ये केंद्राने जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी 'नवचेतना' नावाचा आराखडा आणला. त्यात बाळाशी बोलणं, गाणं, खेळणं यांवर भर आहे, ही फार चांगली गोष्ट झाली. माझी भीती एवढीच आहे की उद्या कोणालातरी जॉर्जियासारखी हौस येईल आणि प्रत्येक अंगणवाडीला स्पीकर आणि प्रत्येक बाळंतिणीला रागांची पेन ड्राइव्ह वाटली जाईल. खरेदी सोपी असते, फोटोही चांगला येतो. त्याच पैशात अंगणवाडी सेविकांना त्या-त्या गावच्या ओव्या, पाळणे, बडबडगीतं गोळा करायला आणि आयांबरोबर बसून गायला वेळ आणि मानधन द्यावं. नंदुरबारच्या पाड्यावर भिली-पावरीतली गाणी असतील, कोकणात मालवणीतली. त्यांना शास्त्रीय संगीताचा पर्याय कशाला हवा?

याच्याही मुळाशी वेळेचा प्रश्न आहे. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने दहा किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांत पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी बाळंतपणाची रजा मिळाली. पण उसाच्या फडात पाचटावर झोळी बांधून मूल ठेवणारी बाई त्या कायद्यात कुठे बसते? घरकाम करणारी, वीटभट्टीवरची? तिच्या गळ्यात गाण्यांचा जो साठा आहे तो आम्हा वर्ग चालवणाऱ्यांकडेही नाही. तिच्याकडे नाही ती दुपार, मांडीवर मूल घेऊन ते गाणं म्हणायची. बाळांच्या मेंदूची काळजी असलेल्या सरकारने तिला ती दुपार द्यावी. आणि बापांना किती रजा मिळते हे विचारायला लागलो तर लेख वेगळ्याच दिशेला जाईल, पण ते विचारायलाच हवं, कारण बापाचा खर्जातला आवाज बाळाला आवडतो आणि तो घरी असतोच कुठे?

हल्ली 'कोणता राग लावू' असं कोणी विचारलं की मी उलट विचारते, तुम्हाला कोणतं गाणं येतं? आधी सगळे म्हणतात, मला नाही येत. गेल्या महिन्यात एक तरुण बाप असंच म्हणाला. मूळचा साताऱ्याकडचा, इथे एका गोदामात रात्रपाळीला. मी वाट बघत बसले. बऱ्याच वेळाने म्हणाला, गावाला लहानपणी काकड्याला जायचो, टाळ धरायचो. मग कोणता अभंग, म्हटलं. त्याने खाली मान घालून सुरुवात केली, पहिली ओळ जरा चाचरत. मुलगा त्याच्या खांद्यावर होता, पाच महिन्यांचा. दुसऱ्या ओळीला त्याचा उजवा हात आपसूक मुलाच्या पाठीवर भजनी ठेका धरू लागला. मुलाने खांद्यावरून डोकं उचललं, मागे झालं आणि बापाच्या हलणाऱ्या ओठांकडे बघत राहिलं, मग हात पुढे करून चार बोटं सरळ त्याच्या तोंडात घातली. बाप तशाच तोंडाने गात राहिला.